रीअसेसमेंट की इंटर्नल रिव्ह्यू? एनडीआयएसमधले दोन अर्ज

ऑस्ट्रेलियातील एनडीआयएस (नॅशनल डिसॅबिलिटी इन्शुरन्स स्कीम) या अपंग व्यक्तींसाठीच्या योजनेतून मिळणारे साहाय्य अपुरे पडू लागले की बहुतेक कुटुंबे ‘रिव्ह्यू मागू या’ असे म्हणतात. पूर्वी दोन्ही अर्जांच्या नावात हाच शब्द होता. 2022च्या कायदादुरुस्तीने ‘प्लॅन रिव्ह्यू’चे (प्लॅन म्हणजे मंजूर साहाय्य आणि निधीचा आराखडा) ‘प्लॅन रीअसेसमेंट’ झाले, तरी बोलण्यातला घोळ कायम आहे.

रीअसेसमेंट मागणारा जुन्या निर्णयाला चूक म्हणत नाही; त्याचे म्हणणे एवढेच असते की परिस्थिती बदलली आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेली व्यक्ती गेल्या वर्षी काठीच्या आधाराने न्हाणीघरापर्यंत जात होती आणि आता तिला पलंगावरून व्हीलचेअरवर बसवायला दोन माणसे लागतात, तर हाच अर्ज योग्य. ‘प्रकृती खालावली आहे’ एवढेच सांगणाऱ्या पत्राने फारसे काही साधत नाही. आधी काय जमत होते, आता काय जमत नाही आणि त्यासाठी कोणती मदत किती तास लागते, हे नोंदवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (दैनंदिन कामे जमण्यासाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञाचा) अहवाल हवा. परिस्थिती बदलेल तेव्हा हा अर्ज करता येतो आणि रीअसेसमेंट करायचे की नाही, हे योजना चालवणाऱ्या सरकारी एजन्सीने 21 दिवसांत ठरवायचे असते. मात्र नव्या प्लॅनमध्ये निधी घटूही शकतो, आणि नेमके हेच अर्जदाराला बहुधा उशिरा कळते.

इंटर्नल रिव्ह्यूमध्ये गरज तीच असते, निर्णय मात्र पटलेला नसतो. मागितलेल्या स्पीच थेरपीचे निम्मेच तास मंजूर झाले, तर निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत हा अर्ज करावा लागतो. मूळ निर्णयात सहभाग नसलेला अधिकारी तो तपासतो. त्यानेही समाधान झाले नाही, तर 28 दिवसांत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे जाता येते. ऑक्टोबर 2024मध्ये जुन्या अपील्स ट्रिब्युनलच्या जागी हे न्यायाधिकरण आले.

सर्वांत महागात पडते ते न पटलेल्या निर्णयावर रीअसेसमेंट मागून वाट पाहत बसणे, कारण तेवढ्यात ते तीन महिने सरतात. उलट, रीअसेसमेंटच नाकारले गेले, तर तो नकारही एक निर्णयच ठरतो आणि त्याविरुद्ध इंटर्नल रिव्ह्यू मागता येतो.