अनुबंध, प्रेमसंबंधांतील

ज्या ओढीमुळे जोडीदाराच्या सहवासाने धीर येतो आणि दुराव्याने जीव अस्वस्थ होतो, तिला मानसशास्त्रात अनुबंध म्हणतात. मूल आणि आई यांच्या नात्यासंबंधीची ही उपपत्ती ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–९०) यांची. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये ती प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावली. डेन्व्हरच्या एका वृत्तपत्रातून त्यांनी नात्यात वागण्याच्या तऱ्हांची तीन वर्णने वाचकांपुढे ठेवली असता ५६ टक्क्यांनी सुरक्षित, २५ टक्क्यांनी टाळणारा आणि १९ टक्क्यांनी चिंताग्रस्त अनुबंध स्वतःला जुळतो असे कळवले. उत्तरे आपणहून पाठवणाऱ्यांचीच असल्यामुळे हे आकडे साऱ्या समाजाचे मानू नयेत.

लैंगिक जवळिकीतही हा फरक उमटतो. चिंताग्रस्त व्यक्ती तिच्यातून आपण हवेसे आहोत याची खात्री शोधते, तर टाळणारी व्यक्ती शरीराने जवळ येऊनही मन राखून असते.

मायबापांकडून जोडीदाराकडे ही ओढ एकदम जात नाही. हेझन आणि डेब्रा झाइफमन यांच्या १९९४ मधील मांडणीनुसार आधी सहवास हवासा वाटतो, मग दुखल्याखुपल्यास त्या व्यक्तीकडे धाव घेतली जाते, आणि जिच्या भरवशावर जगात वावरायचे तो आधार सर्वांत शेवटी सरकतो. खानदेशात ठरवून झालेल्या लग्नात सहवास ओढीची वाट न पाहताच सुरू होतो, म्हणून हा क्रम इथे जसाच्या तसा लावता येत नाही. शेवटचा टप्पा मात्र आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, स्पष्ट दिसतो. मुराळ्यासोबत माहेरी आलेली लेक निंबाच्या झोक्यावर मैत्रिणींसोबत गौराईची गाणी म्हणते, आणि पहिल्या वर्षी परत निघताना तिचा पाय उंबऱ्यात अडतो. दोन-तीन आखाज्यांनंतर मांडे खाताना तीच सहज बोलून जाते, की ‘आमनाकडे’, म्हणजे आमच्याकडे, यापेक्षा पातळ करतात. हे ‘आमनाकडे’ आता सासरचे असते. लेकीच्या ते ध्यानातही येत नाही, पण चुलीपुढच्या आईला ते बरोबर ऐकू येते.

पुरुषाच्या बाबतीत अशी खूण सापडत नाही, कारण लग्नाने त्याचे घर बदलत नाही. शेतावरून आल्यावर दिवसभराची कटकट तो आधी आईला सांगतो की बायकोला, एवढेच पाहता येते.