प्राण्यांच्या साथीने उपचार आणि शिक्षण : पार्श्वभूमी

इंग्लंडमधील यॉर्क येथे १७९६ साली सुरू झालेल्या मनोरुग्णालयाच्या अंगणात ससे आणि कोंबड्या असत, पण त्यातून संशोधनाची परंपरा उभी राहिली नाही. तिची सुरुवात १९६० च्या दशकात झाली. न्यूयॉर्कमधील एका बालमानसशास्त्रज्ञाकडे एक अबोल मुलगा ठरलेल्या वेळेच्या बराच आधी येऊन पोहोचला, तेव्हा जिंगल्स नावाचा त्यांचा कुत्रा खोलीतच होता. तो धावत जाऊन मुलाला चाटू लागला आणि मुलाने त्याला जवळ घेतले. १९६१ मध्ये हा अनुभव परिषदेत मांडला गेला, तेव्हा काही श्रोत्यांनी त्याची थट्टा केली.

१९८० च्या एका अमेरिकी अभ्यासानंतर मात्र थट्टा ओसरली. त्यात प्राणी पाळणाऱ्या ५३ हृदयरुग्णांपैकी ३, तर न पाळणाऱ्या ३९ पैकी ११ जण वर्षभरात दगावले होते. हे आकडे पुढे उपचारांच्या समर्थनार्थही सर्रास वापरले गेले, वास्तविक घरी प्राणी पाळणे आणि उपचारतज्ज्ञाने आखलेले सत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या सरमिसळीला आळा घालण्याचा सर्वांत ठोस, आणि म्हणूनच सर्वांत वादग्रस्त, प्रयत्न २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक दस्तऐवजात झाला. उद्दिष्ट ठरवून, पात्र व्यावसायिकाने आपल्या कार्यकक्षेत राहून केलेले आणि प्रगतीची नोंद ठेवलेले काम तेवढेच उपचार. शिक्षकाने अध्यापनाच्या उद्दिष्टाने घेतलेले सत्र शिक्षणात मोडते, आणि स्वयंसेवकांच्या रुग्णालयातील भेटी हा केवळ उपक्रम, अशी विभागणी त्यात आहे. वर्षानुवर्षे वॉर्डांत कुत्रे नेणाऱ्यांना ही पायरी खालची वाटणे स्वाभाविक होते, तरीही नोंदीविना परिणामाचा दावा करता येत नाही, हे मान्य करावेच लागते. डॉल्फिन, हत्ती आणि कॅपुचिन माकडे यांसारखे वन्य प्राणी माणसाळलेले असले तरी अशा कामासाठी वर्ज्य ठरले. उपचार म्हणून चालवल्या जाणाऱ्या, डॉल्फिनसोबत पोहण्याच्या महागड्या कार्यक्रमांच्या परिणामकारकतेविषयीचे अभ्यास सदोष असल्याची टीका तोवर दीडेक दशक सुरू होती.

प्रशिक्षणाचा रोख त्यानंतर कुत्र्याच्या आज्ञाधारकतेपुरता राहिला नाही. ओठ चाटणे, वारंवार जांभया देणे, मान वळवून घेणे ही ताणाची लक्षणे ओळखून सत्र वेळीच थांबवणे हे त्याला हाताळणाऱ्याचे कौशल्य मानले जाऊ लागले. संशोधनाला मिळणाऱ्या निधीचा काही भाग मात्र पाळीव प्राण्यांचे खाद्य बनवणाऱ्या उद्योगाकडून येतो, हे निष्कर्ष वाचताना ध्यानात ठेवलेले बरे.