पार्श्वभूमी : कॉकपिटमधली तिसरी खुर्ची

सोलापुरात विमानाच्या उड्डाणाचा विषय निघाला की बोलणं चिमणीपाशीच येऊन थांबतं. होटगी रस्त्यावरच्या साखर कारखान्याची, विमानांना अडथळा ठरलेली चिमणी जून 2023 मध्ये पाडली, जून 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. मधला वाद इथं सगळ्यांना पाठ आहे, तो पुन्हा उगाळत नाही. पण उड्डाण घेताना वाट चुकण्याचा इतिहास बाहेरच्या अडथळ्यांपेक्षा कॉकपिटमधल्या खुर्च्यांचा जास्त आहे.

समुद्रापार जाणाऱ्या विमानात एकेकाळी ताऱ्यांवरून जागा काढणारा नॅव्हिगेटर असायचा. आयएनएस ही विमानाची हालचाल मोजून त्याची जागा आपोआप सांगणारी यंत्रणा आली आणि 1970 च्या आसपास त्याची खुर्ची गेली. उरले दोन वैमानिक आणि इंजिनं व यंत्रणांवर लक्ष ठेवणारा एक फ्लाइट इंजिनिअर.

खरं रामायण घडलं ते या इंजिनिअरवरून. अमेरिकेत 1965 पर्यंत नियम वजनाचा होता. 80,000 पौंडांहून, म्हणजे सुमारे 36 टनांहून जड विमानाला तिसरा माणूस हवाच. त्या साली वजनाची अट गेली आणि ‘वर्कलोड’ हा शब्द आला. आपण त्याला ‘कामाचा ताण’ म्हणून मोकळे होतो, पण नियमात आधी येते ती कामांची यादी: विमान ठरल्या रेषेवर ठेवणं, टक्कर टाळणं, मार्ग काढणं, रेडिओवर बोलणं, इंजिनं आणि यंत्रणा सांभाळणं, निर्णय घेणं. अशी सहा कामं. डोकं किती वेळ आणि किती लावावं लागतं, हा निकषही पुढे आहे, पण मोजायला सगळ्यात अवघड तोच. सहाच्या सहा कामं दोन मिनिटांत अंगावर येतात ती नेमकी उड्डाणाच्या वेळी.

काही कंपन्या बोइंग 737 विमान तिघांनी उडवत, तर त्याच वर्गातलं डीसी-9 दोघंच उडवत. वैमानिक संघटना सुरक्षिततेचं नाव घेत होत्या (नोकऱ्यांचाही हिशेब होताच), कंपन्या नव्या यंत्रांचं. शेवटी 1981 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या समितीनं काही महिन्यांत सांगून टाकलं की दोघं पुरेत. आधी तिघांसाठी आखलेलं 767 पुढच्या वर्षी दोघांचं होऊन सेवेत आलं. त्याच 1981 मध्ये दहा हजार फुटांखाली कामाबाहेरच्या गप्पांना बंदी घालणारा नियमही आला. त्याला आधीच्या अपघातांचं कारण होतं, तरी एक माणूस कमी करून उरलेल्यांना गप्प बसवावं, हे मला बोलकं वाटतं.

माझा कल संघटनांकडे आहे, पण 1983 आडवं येतं. अँकरेजहून सोलला निघालेल्या 747 मध्ये तिघं होते. विमानतळाचं व्हीओआर, म्हणजे विमानाला दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र, देखभालीसाठी बंद होतं. उड्डाणानंतर ऑटोपायलट एकच दिशा धरून राहिला, आयएनएसच्या वाटेला लागलाच नाही. पन्नासेक मिनिटांत विमान वीसेक किलोमीटर बाजूला सरकलं होतं. पाच तासांहून जास्त वेळ कुणाच्या ध्यानात आलं नाही. सोव्हिएत हद्दीत ते पाडलं गेलं आणि 269 जण गेले. तिसरी खुर्ची भरलेली होती, तिच्यासमोर मात्र इंजिनांचे काटे होते.

पुढे एफएमएस, म्हणजे ज्यात मार्ग आधी भरून ठेवतात तो कॉकपिटमधला संगणक, आला आणि चूक कळफलकावर गेली. उड्डाणाचा मार्ग ठरावीक बिंदूंचा, तो धावपट्टीला बांधलेला. विमान धावपट्टीकडे निघाल्यावर कंट्रोलरनं धावपट्टी बदलली की मार्ग पुन्हा निवडायचा, वेग आणि वजनाचं गणित पुन्हा तपासायचं, एका कानाने रेडिओ ऐकायचा. त्यात जुनाच मार्ग राहून गेला तर ऑटोपायलट त्याच्याकडे इमानानं वळतो. 2006 मध्ये अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनला तर धावपट्टीच चुकली. दिशादर्शकावर 22 क्रमांकाच्या धावपट्टीची दिशा लावलेली, विमान उभं आखूड 26 वर. ती तफावत दोघांनीही पाहिली नाही. 50 पैकी 49 जण दगावले.

सोलापूरहून गोव्याला गेलेलं एटीआर 72 दोघांचंच. इथं धावपट्टी एकच, तिची टोकं दोन. कुठल्या टोकावरून उडायचं हे वारा ठरवतो, आणि आषाढात निघता निघता वारा फिरला तर कॉकपिटमधली सगळी मांडणी पुन्हा पहिल्यापासून.