टाकळा की कासविंदा? फूल सोडा, देठ बघा

श्रावण सरत आला की रस्त्याच्या कडेला, पडक्या जोत्यांवर, उकिरड्याशेजारी पिवळी फुलं दिसू लागतात आणि आपण सरसकट म्हणतो, ‘टाकळा’. त्यातला बराचसा टाकळा असतोही. पण त्याच गर्दीत कासविंदा उभा असतो, आणि देशावरच्या मुरमाड माळावर तरवड. तिघांची फुलं जवळजवळ सारखी: पाच पिवळ्या पाकळ्या, मधे लहानमोठे पुंकेसर, सगळं जरा एका बाजूला कललेलं. फुलावरून ओळखायला गेलात तर फसलात.

तिघंही ‘सेन्ना’ या एकाच प्रजातीतले. पूर्वी यांना बहाव्यासकट ‘कॅसिया’ म्हणत. १९८२ मध्ये आयर्विन आणि बार्नबी या अमेरिकेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तो मोठा गोतावळा नीट विभागला. बहावा कॅसियातच राहिला, कारण त्याच्या फुलात तीन पुंकेसर लांबलचक आणि बाकदार असतात. सेन्नाच्या फुलात मध नसतो. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असतं; भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ सांडावं तसे पराग बाहेर पडतात.

मध असतो तो पानांवर. देठावर टाचणीच्या डोक्याएवढ्या ग्रंथी असतात, त्यातून गोड रस पाझरतो आणि मुंग्या तिथे येतात. ओळख पटवायची ती याच टिकलीवरून.

टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या, म्हणजे एका पानातल्या छोट्या पानांच्या, सहसा तीन जोड्या, टोकाकडे रुंद आणि गोलसर. खालच्या जोड्यांच्या बेचक्यात ग्रंथी दिसते. कासविंद्यात चार ते सहा जोड्या, पर्णिका टोकदार, आणि ग्रंथी एकच, तीही पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी. तरवडाचं काम सोपं आहे: ते मुळात झुडूप, पर्णिका बारीक आणि पुष्कळ, प्रत्येक जोडीत ग्रंथी, शिवाय देठाशी कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णं, म्हणजे देठाच्या बुडाशी फुटणारी पानासारखी जोडी. ‘ऑरिक्युलेटा’, म्हणजे कानवाला, हे त्याचं शास्त्रीय नाव त्यावरूनच.

नावांचा घोळ मात्र आपलाच. कासविंद्याला काही ठिकाणी ‘रानटाकळा’ म्हणतात, तर कासविंदा हेच नाव त्याच्या फुगीर शेंगांच्या भावंडालाही देतात. आणि टाकळ्यालाही एक जुळं आहे, ‘सेन्ना ऑब्टुसिफोलिया’. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत रुळवणाऱ्या लिनियसने १७५३ मध्येच दोन्ही वेगळे नोंदवले होते, तरी पुढे कितीतरी अभ्यासकांनी ते एकच मानले. टाकळ्याच्या फुलाचा आणि शेंगेचा दांडा आखूड, जुळ्याचा लांब. टाकळ्यात बहुधा खालच्या दोन जोड्यांत ग्रंथी, जुळ्यात फक्त सर्वांत खालच्या जोडीत. बियांच्या कडेचा फिकट पट्टा टाकळ्यात रुंद असतो, जुळ्यात रेघेएवढा. हे बघायला भिंग लागतं, आणि भाजीपुरतं याची गरजही नाही.

टाकळा आणि कासविंद्यातली गल्लत मात्र क्षुल्लक नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात थंडीच्या दिवसांत लहान मुलं अचानक आजारी पडून दगावत. यकृत, स्नायू आणि मेंदू, तिन्हींवर घाला. बराच काळ हा विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर समजला जाई. डॉक्टरांच्या एका गटाने घरोघरी चौकशी केली तेव्हा धागा कासविंद्यापाशी पोहोचला: मुलांनी खेळता खेळता त्याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्या होत्या. हा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. गुरांना या बिया बाधतात हे पशुवैद्यांना आधीपासून माहीत होतं, हे विशेष. म्हणून शेंगांच्या दिवसांत मुलांना फरक दाखवून ठेवावा. टाकळ्याची शेंग काडीसारखी बारीक, लांब, वाकलेली. कासविंद्याची चपटी, रुंद, मधे तपकिरी आणि कडांना फिकट.

आता भाजीचं. कोकणात आणि गोव्यात टाकळा खुडतात तो पहिल्या पावसानंतर, कोवळा असताना. तेव्हा ना फूल ना शेंग. वासावर भिस्त ठेवावी तर उग्र वास दोघांनाही असतो. म्हणजे उरतात पानं. जुडी सोडून निवडताना एखादी पर्णिका टोकदार दिसली, तर त्या पानाच्या देठाचं बूड बोटानं चाचपावं. तिथे बारीकशी गाठ लागली, तर ते पान टोपलीबाहेर.