लेखनकोंडी

लेखनकोंडी : लिहिण्याची इच्छा, वेळ आणि विषय हाताशी असूनही मजकूर पुढे न सरकण्याची अवस्था. बोलण्यात ‘लिखाण अडलंय’, ‘सुचत नाही’ किंवा सरळ ‘रायटर्स ब्लॉक’ असे म्हणतात. कादंबरीत ती विशेष जाचक ठरते, कारण साठ-सत्तर हजार शब्दांचे काम एका मनःस्थितीत उरकत नाही. पहिली कादंबरी लिहिणाऱ्याला तिच्याबरोबर स्वतःविषयीची शंकाही छळते. नागपुरात ही शंका बरेचदा भाषेच्या वाटेने येते, म्हणून या नोंदीत त्या बाजूला अधिक जागा दिली आहे.

संज्ञा व कारणमीमांसा : ‘रायटर्स ब्लॉक’ ही संज्ञा मनोविश्लेषक एडमंड बर्गलर यांनी १९४७ च्या सुमारास रूढ केली, असे सामान्यतः मानले जाते. अवस्था अर्थातच त्याहून जुनी आहे. बर्गलर यांनी तिचे मूळ बालपणीच्या अतृप्तीत शोधले. या उपपत्तीला आज फारसा आधार उरलेला नाही. माइक रोझ यांनी १९८० च्या दशकात विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा अभ्यास करून वेगळा निष्कर्ष काढला. अडणारे विद्यार्थी प्रतिभेत कमी नव्हते, पण ‘पहिले वाक्य पकड घेणारेच हवे’ यासारखे नियम ते सर्वत्र ताठरपणे लावत होते. न अडणाऱ्यांकडेही नियम होते. गरज पडली की ते बाजूला ठेवता येतात, हे त्यांना ठाऊक होते. कादंबरीकाराच्या अडचणीशी हे स्पष्टीकरण अधिक जुळते. रॉबर्ट बॉइस यांनी प्राध्यापकांच्या लेखनसवयींवर केलेल्या कामातही असे दिसले, की मूड येण्याची वाट पाहणाऱ्यांपेक्षा ठरल्या वेळी बसणाऱ्यांची पाने तर जास्त झालीच, शिवाय नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या.

मराठीत या संदर्भात ‘दिसामाजि काहीतरी ते लिहावे’ हा चरण हमखास उद्धृत होतो. तो रामदासांचा मानतात आणि अनेकदा दासबोधातला म्हणून देतात. हे दुसरे विधान वृत्ताच्या कसोटीवर टिकत नाही. दासबोध ओवीबद्ध आहे. हा चरण भुजंगप्रयातात आहे (दिसामा–जि काही–तरी ते–लिहावे, असे चार य-गण). दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ हा आहे खरा, पण त्याचा विषय पोथीचे अक्षर, शाई, लेखणी आणि कागद हा आहे, मजकूर सुचणे नव्हे. तरीही त्या चरणातील ‘काहीतरी’ हा शब्द मोलाचा आहे. रोज चांगलेच लिहावे, असे तो सांगत नाही.

भाषेची शंका : नागपुरात ‘काय करून राहिला?’ हे रोजचे बोलणे आहे. प्रमाण मराठीत ‘-ऊन राहणे’ ही रचना आहेच, पण ती टिकलेली स्थिती सांगते (‘बसून राहिला’, ‘टिकून राहिली’). नागपुरी बोलीत ती कोणत्याही चालू क्रियेला लागते. यामागे हिंदीतील ‘कर रहा है’चा प्रभाव मानण्याकडे कल आहे, आणि नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची व पुढे ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते, हे ध्यानात घेता तो संभवनीय वाटतो. मात्र रचनेचे बीज मराठीतच असल्याने सगळे श्रेय हिंदीला देणे घाईचे होईल.

कोंडी कशी होते, हे एका संवादावरून दिसते. कादंबरीतली आई मुलाला म्हणते, ‘मी काय म्हणून राहिली, ऐकून तं घे ना बाप्पा.’ लिहून होताच लेखकाला वाटते, पुण्या-मुंबईचा संपादक हसेल. तो खोडून लिहितो, ‘मी काय म्हणते आहे, ते ऐकून तरी घे.’ वाक्य शुद्ध झाले, पण आई गेली. पुढच्या ओळीत ती काय बोलेल, ते आता ऐकू येत नाही. लेखकाला वाटते कथानक अडले. प्रत्यक्षात पात्राचा आवाज बंद पडलेला असतो. उपाय सोपा आहे. पहिल्या खर्ड्यात संवाद जसे कानावर येतात तसे उतरवावेत आणि निवेदनाची भाषा वेगळी ठेवावी. बोलीची मात्रा किती, ‘तं’ प्रत्येक वाक्यात हवा की दर पानाला दोनदा पुरे, हे दुसऱ्या खर्ड्यात ठरवावे. बोलीची खूण फार दाट झाली, तर बाहेरचा वाचक अडखळतो. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने (१९६०) वऱ्हाडी संवाद मराठी कादंबरीत ठामपणे उभे केले. त्याच्या सुमारे सातशे वर्षे आधी मराठी गद्याची पायाभरणी ज्या महानुभाव परंपरेने केली, तिचे तीर्थक्षेत्र रिद्धपूर याच विदर्भात आहे. त्यामुळे ‘आपली मराठी लिहिण्याजोगी नाही’ या शंकेला इतिहासात आधार नाही.

अडण्याच्या जागा : सुरुवातीला अडते ते बहुधा पहिल्या प्रकरणाच्या पुनर्लेखनामुळे. पहिले प्रकरण शेवट कळल्यावरच नीट लिहिता येते. तोवर त्यावर ‘नंतर’ असे लिहून पुढे जावे. दुसरी आणि अधिक अवघड जागा साठ ते शंभर पानांच्या दरम्यान येते. मूळ कल्पनेचा जोर तिथे संपतो आणि पात्रांना एकमेकांच्या आड येणाऱ्या इच्छा दिलेल्या नसतील, तर प्रसंग नुसते एकापुढे एक रांगेत उभे राहतात. इथे नवे काही शोधण्यापेक्षा मागे जाणे उपयोगी पडते. शेवटची दहा पाने मोठ्याने वाचावीत आणि जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीची खूण करावी. पात्राने स्वतःच्या स्वभावाने नव्हे, तर लेखकाच्या सोयीसाठी काही केलेले असते, ती जागा अनेकदा पाच-सात पाने मागेच सापडते. पुढची पाने फाडू नयेत; बाजूला ठेवून त्या जागेपासून पुन्हा लिहावे.

रोजचे माप लहान असावे. फुलस्केपच्या एका पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द बसतात. रोज तीनशे शब्द धरले, तर साठ हजारांचा खर्डा दोनशे दिवसांत होतो. रोज दोन हजारांचा संकल्प चौथ्या दिवशी मोडतो आणि त्या मोडण्यातूनच नवी शंका जन्मते. बसल्यावर पहिली दहा मिनिटे हात न थांबवता, न खोडता लिहावे. सुचले नाही तर ‘सुचत नाही’ हेच लिहावे. ही पाने कादंबरीत जाणार नाहीत, हे आधीच ठरलेले असावे, नाहीतर त्यांचाही धाक बसतो. उठताना वाक्य अर्धे सोडावे किंवा पुढचा प्रसंग दोन ओळींत टिपून ठेवावा. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि दुपारी कूलर असूनही डोके चालत नाही; एप्रिल ते जूनमध्ये पहाटे साडेपाच ते आठ हीच खरी वेळ. जुलैपासून दिवाळी अंकांच्या कथांची मागणी सुरू होते. कादंबरी अडलेली असताना कथेचा मोह स्वाभाविक आहे. कथा घ्यावी, पण कादंबरीची वही रोज पंधरा मिनिटे तरी उघडावी. महिनाभर बंद राहिलेल्या वहीत परतताना आधी मागचे सगळे वाचावे लागते, आणि वाचताना खोडण्याची खाज येते.

आत्मशंका : आपले यश आपले नाहीच, या भावनेला मानसशास्त्रज्ञ पॉलिन क्लान्स व सुझान इम्स यांनी १९७८ मध्ये ‘इम्पोस्टर फेनॉमेनन’ असे नाव दिले. तो अभ्यास यशस्वी स्त्रियांचा होता. अजून काहीच छापून न आलेल्याची शंका निराळी असते. तो आपला कच्चा खर्डा दुसऱ्याच्या छापील, पाच वेळा तपासलेल्या पुस्तकाशी ताडून पाहतो. ‘मला लिहिता येते का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘या पानावर बाप घरात आला, ते दिसते का?’ याला आहे. शंका आली की ती अशी पानावर आणावी.

खर्डा निम्मा होईपर्यंत कुणाला दाखवू नये. नंतर दोघांनाच द्यावा. त्यांतला एक लिहिणारा नसलेला बरा. ‘कशी वाटली?’ विचारल्यास ‘छान’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी कुठे कंटाळा आला, कुठे कळले नाही आणि दोन दिवसांनी कोण लक्षात राहिले, हे तीन प्रश्न विचारावेत. दोघे एकाच पानावर कंटाळले, तर पान बदलावे. उपाय मात्र त्यांच्याकडून घेऊ नये. झोप, भूक आणि इतर कामांतलाही रस दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेला असेल, तर ती लेखनकोंडी न समजता डॉक्टरांना भेटावे; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.