मौल्यवान धातूंच्या दागिन्यांची निगा

सोने, चांदी, प्लॅटिनम आणि त्यांचे मिश्रधातू यांचे रोज अंगावर असणारे दागिने झिजू नयेत, काळवंडू नयेत, वाकू-तुटू नयेत आणि हरवू नयेत यासाठी घ्यायची काळजी म्हणजे दागिन्यांची निगा. घालण्या-काढण्याच्या सवयी, धुणे-पुसणे, ठेवण, अधूनमधून केलेली तपासणी आणि कारागिराकडची दुरुस्ती हे सगळे तिच्यात येते. निगा म्हटले की बहुतेकांच्या मनात चकाकी येते आणि हात ब्रशाकडे जातो. पण मळ धुऊन निघतो, घासून गेलेला धातू परत येत नाही. दागिन्याचे आयुष्य मळाने क्वचितच संपते. ते घर्षणाने, रसायनाने आणि ढिल्या सांध्याने संपते. या नोंदीत घासणे टाळण्यावर इतका भर आहे तो त्यामुळे.

धातू आणि हीण

शुद्ध सोन्यावर हवा, पाणी किंवा घाम यांचा परिणाम होत नाही. त्याची अडचण मऊपणाची आहे. मोहस मापक्रमावर (कठिनता १ ते १० अशा अंकांत सांगणारी मोजपट्टी) त्याची कठिनता सुमारे २.५ भरते, म्हणजे जवळजवळ माणसाच्या नखाएवढी. असा धातू रोजच्या वापरात आकार धरून राहत नाही, म्हणून त्यात तांबे, चांदी, जस्त, पॅलॅडियम यांसारख्या धातूंचे हीण घालतात. २४ भागांत सोन्याचे भाग किती, हे कॅरेटमध्ये सांगतात. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के, १८ मध्ये ७५ टक्के आणि १४ मध्ये सुमारे ५८.५ टक्के सोने असते. दागिन्याच्या आतल्या बाजूला ९१६, ७५०, ५८५ असे आकडे उमटवलेले असतात ते याचेच. चांदीवरचा ९२५ आणि प्लॅटिनमवरचा ९५० हेही हजारातले भाग आहेत.

निगा ठरवण्याआधी हा ठसा पाहावा. सोने काळे पडल्याची तक्रार नेहमी ऐकू येते, पण तिथे काळे पडलेले असते ते हीण. कॅरेट जितका कमी, तितका दागिना सहसा टणक. मात्र घाम, गंधक आणि क्लोरीन यांच्यापुढे तितकाच दुबळा.

पांढऱ्या सोन्याचे थोडे वेगळे आहे. पॅलॅडियम किंवा निकेल मिसळून सोन्याचा पिवळेपणा कमी करतात, तरी फिकट पिवळसर झाक राहते. ती झाकण्यासाठी वर ऱ्होडियमचा मुलामा देतात. ऱ्होडियम कठीण आणि लखलखीत पांढरा असतो, पण हा थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ असतो आणि अंगठीच्या तळव्याकडच्या बाजूने सर्वांत आधी जातो. तिथे पिवळसर पट्टा दिसू लागला की लोक घाबरतात, फसवणूक झाली असे समजतात. तसे काही नसते. मुलामा पुन्हा देता येतो. तो पट्टा घासून पांढरा करण्याचा प्रयत्न केला, तर उरलेला मुलामाही जातो.

प्लॅटिनमचे वागणे सर्वांत समजूतदार. त्यावर ओरखडा उठला तरी धातू सहसा निघून पडत नाही, तो ओरखड्याच्या दोन्ही कडांना सरकतो. त्यामुळे वर्षानुवर्षे वापरलेल्या प्लॅटिनमवर मऊ, धूसर झळाळी येते. ती अनेकांना आवडते आणि ती तशीच राहू देण्यात काहीच गैर नाही.

चांदी काळी का पडते

हवेत हायड्रोजन सल्फाइड हा वायू अत्यल्प प्रमाणात असतो. दमट हवेत त्याची चांदीशी प्रक्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. पापुद्रा अगदी पातळ असतो तेव्हा चांदी पिवळसर दिसते, मग तपकिरी, मग निळसर-जांभळी आणि शेवटी काळी. हे रंग रंगद्रव्याचे नाहीत. पाण्यावर सांडलेल्या तेलात जसे रंग दिसतात तसेच ते पातळ थरातून परतणाऱ्या प्रकाशामुळे दिसतात. पिवळसर टप्प्यावरच लक्ष दिले, तर साबणाचे पाणी आणि मऊ फडके एवढ्यावर काम भागते.

काळी झालेली चांदी पॉलिशच्या फडक्याने पुसली की फडक्यावर काजळी उतरते आणि समाधान वाटते. ती काजळी म्हणजे बाहेरून बसलेली घाण नव्हे. सिल्व्हर सल्फाइडच्या वजनात ८७ टक्के चांदीच असते. म्हणजे फडक्यावर आलेला तो काळा डाग बहुतांशी दागिन्याचाच अंश आहे. एका पुसण्यात जाते ते नगण्य, पण दर आठवड्याला हौसेने उजळलेल्या नक्षीदार चांदीवरची नक्षी काही वर्षांत गुळगुळीत होते.

घरगुती उपायांत एकच असा आहे की ज्यात चांदी जात नाही. भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमचा कागद अंथरून त्यावर दागिना टेकवून ठेवतात आणि खाण्याचा सोडा व मीठ घातलेले गरम पाणी ओततात. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जाते, चांदी जागच्या जागी परत मिळते. पाण्याला कुजकट वास येतो तो सुटलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. म्हणून खिडकी उघडी ठेवावी. अशी परत मिळालेली चांदी थोडी निस्तेज दिसते, मऊ फडक्याने हलके पुसले की खुलते. मात्र हा उपाय साध्या, खडे नसलेल्या चांदीपुरताच. नक्षीच्या खोबणीत उठाव यावा म्हणून कारागिराने मुद्दाम काळा केलेला भागही या पाण्यात पांढरा होतो आणि नक्षी सपाट, निर्जीव दिसू लागते. बाजारात मिळणाऱ्या, बुडवून काढायच्या द्रावणांनीही तेच होते, शिवाय ती द्रावणे आम्लधर्मी असतात. ती वापरू नयेत.

रोज अंगावर असलेली चांदी पेटीतल्या चांदीपेक्षा उजळ राहते, कारण कपड्यांच्या आणि त्वचेच्या हलक्या घर्षणाने पापुद्रा धरायला वेळच मिळत नाही. चांदी वापरत राहणे हीच तिची उत्तम निगा, असे म्हणायला हरकत नाही.

क्लोरीन, पारा आणि प्रसाधने

सोन्याला खरा धोका क्लोरीनचा. पोहण्याच्या तलावातले पाणी, कपडे पांढरे करण्याचे ब्लीच आणि फरशी-संडासाची काही जंतुनाशके यांत क्लोरीन किंवा त्याची संयुगे असतात. ती हिणावर हल्ला करतात, आणि तोही जिथे धातूवर ताण आहे अशा ठिकाणी: खडा आवळून धरणाऱ्या नख्या, झाळलेले सांधे, वाकवलेल्या कड्या. वरून काही दिसत नाही, आत बारीक भेगा पडत जातात आणि एक दिवस नखी तुटते. निकेल असलेल्या पांढऱ्या सोन्यात हे अधिक घडते. पोहताना आणखी एक धोका असतो. गार पाण्यात बोटे आकसतात आणि एरवी घट्ट बसणारी अंगठी नकळत निसटते.

पारा सोन्याला लागला तर दोन्ही मिळून पांढुरका, ठिसूळ मिश्रधातू तयार होतो. पाऱ्याचा तापमापक फुटला, तर तो आवरण्याआधी हातातले दागिने काढून दूर ठेवावेत. डाग पडलाच, तर दागिना घरी तापवू नये. पाऱ्याची वाफ विषारी असते.

अत्तर, केसांचा फवारा, उन्हाची क्रीम आणि लोशन यांचा थर दागिन्यावर बसतो, चांदी त्याने लवकर डागाळते आणि मोत्यांचे तर फारच नुकसान होते. प्रसाधन पूर्ण वाळल्यावर दागिने शेवटी घालावेत आणि घरी आल्यावर सर्वांत आधी काढावेत. सोन्याच्या अंगठीखाली त्वचेवर उठणारा काळा पट्टाही पुष्कळदा प्रसाधनांमुळेच असतो. पावडरीतले झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड यांचे कण धातू खरवडतात आणि तो अतिसूक्ष्म चुरा काळा दिसतो. हिरवट डाग तांब्याचा असतो. दोन्ही धुतल्यावर जातात. खाज, पुरळ, पाणी सुटणे ही मात्र निकेलच्या ॲलर्जीची लक्षणे असू शकतात. तिथे दागिना साफ करून उपयोग नाही, तो बदलावाच लागतो.

झीज

साखळीची आकड्याजवळची शेवटची कडी दहापट दाखवणाऱ्या भिंगाखाली धरून पाहावी. नवी असताना तिची तार सगळीकडे सारखी गोल असते. काही वर्षे वापरलेल्या साखळीत शेजारची कडी जिथे टेकते, तिथे खाच पडलेली दिसते, दोरीने विहिरीच्या काठाला पडावी तशी. तार तिथे निम्म्यावर आलेली असते, कधी त्याहूनही बारीक. बाकीची साखळी नव्यासारखी चमकत असते, म्हणून हे कोणाच्या लक्षात येत नाही. साखळी ‘अचानक’ तुटते ती इथे. ही खाच पाडणारी कानस बाहेरून येते. धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात आणि त्यांची कठिनता ७, म्हणजे सोन्या-चांदीच्या कितीतरी वर. घाम आणि तेल यांत ती धूळ कालवली जाऊन कड्यांच्या मध्ये बसते आणि प्रत्येक हालचालीबरोबर कापत राहते.

घासणे टाळायचे म्हणजे धुणे टाळायचे असे नव्हे. साखळी धुण्याचा हेतू चकाकी नसून ही धूळ काढणे हा आहे. आणि ती ब्रशाने न रगडता, भिजवून काढायची आहे.

अंगठीची झीज तळव्याकडच्या बाजूने होते, कारण मुठीत येणारी प्रत्येक वस्तू तिथे घासते. व्यायामशाळेतल्या लोखंडी दांड्या, पिशव्यांचे कडक बंद आणि अवजारे अंगठी नुसती झिजवत नाहीत, तिचा गोलही बिघडवतात. गोल बिघडला की खड्याभोवतीचे कोंदण ताणले जाते. शेजारी-शेजारी दोन अंगठ्या घालणाऱ्यांनी धातू पाहून घालाव्यात. कठीण मिश्रधातूची अंगठी शेजारच्या मऊ सोन्याला सावकाश खात जाते. यंत्रावर काम करताना किंवा उंचावरून उतरताना अंगठी काढावी. हे दागिन्यासाठी नव्हे तर बोटासाठी सांगणे आहे, अडकलेल्या अंगठीने बोटाला होणाऱ्या इजा भयंकर असतात.

धुणे आणि पुसणे

कोमट पाण्यात सौम्य द्रव साबणाचे दोन-चार थेंब, त्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवणे, कोपऱ्यांतून लहान मुलांच्या दातांचा मऊ ब्रश हलकेच फिरवणे, स्वच्छ पाण्यात खळबळणे आणि धागे न सोडणाऱ्या फडक्याने टिपणे, एवढे पुरते. हे वाडग्यात करावे. वाहत्या नळाखाली, मोरीच्या जाळीवर धुताना निसटलेले कानातले पुन्हा मिळत नाही. दागिना पूर्ण वाळल्याशिवाय पेटीत ठेवू नये. पोकळ दागिन्यांत शिरलेले पाणी आत राहून काळपट ओघळ देते, म्हणून ते बुडवूच नयेत. ओलसर फडक्याने पुसावेत.

दात घासण्याची पेस्ट मात्र कधीही वापरू नये. तिच्यातले सिलिका किंवा चुन्याचे कण दातांच्या कवचासाठी असतात. ते कवच सोन्यापेक्षा बरेच कठीण असते. पेस्टने घासलेले सोने पहिल्या दिवशी झळकते आणि नंतर त्यावर बारीक ओरखड्यांचे धुके दिसू लागते.

मुलाम्याच्या दागिन्यांना पॉलिशचे फडके लावूच नये. चांदीवर सोन्याचा जाड म्हणवला जाणारा मुलामाही दोन-अडीच मायक्रॉनचाच असतो, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. त्यावरून कल्पना यावी.

खडे आणि मोती

धातूला चालणारी रीत खड्याला चालेलच असे नाही. हिऱ्याला पाणी धरत नाही, पण तेल चटकन धरते. तो निस्तेज दिसतो तो बहुधा मागच्या बाजूला बसलेल्या तेलकट थरामुळे; साबणाचे पाणी मागून पोचले की तो पुन्हा बोलू लागतो. पाचूतल्या नैसर्गिक भेगा तेलाने भरलेल्या असतात, म्हणून त्याला गरम पाणी आणि ध्वनिलहरींचे स्वच्छतायंत्र दोन्ही वर्ज्य. ओपल आणि फिरोजा यांनाही तेच पथ्य. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. घामातल्या आम्लतेनेही त्याचे पाणी उतरते. वापरून झाला की ओलसर मऊ फडक्याने पुसावा. मोत्यांची माळ पाण्यात बुडवू नये, रेशमी दोरा भिजून ताणतो. मोत्यांच्या मध्ये दोरा दिसू लागला की माळ पुन्हा गाठवून घ्यावी. बंद कोंदणात खड्यामागे चमकीचा पत्रा बसवलेला असेल, तर पाण्याचा एक थेंबही आत जाऊ देऊ नये. पत्रा एकदा काळवंडला की खडा विझतो.

ठेवण

प्रत्येक दागिना वेगळ्या कप्प्यात किंवा पिशवीत. हिरा दुसऱ्या हिऱ्यालाही ओरबाडतो, सोन्याची तर गोष्टच नको. साखळी आकडा लावून सरळ ठेवावी. चांदीसाठी हवा काढून बंद केलेली पिशवी आणि आत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी उत्तम. रबरबँडने चांदी बांधू नये. रबरात गंधक असते आणि त्याची काळी रेघ दागिन्यावर उमटते. लोकरीचे अस्तरही याच कारणासाठी नको.

तपासणी आणि दुरुस्ती

महिन्यातून एकदा अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकावी. खडा ढिला असेल तर बारीक खुळखुळ ऐकू येते. नखी उचलली गेली असेल, तर तिच्यात कपड्याचा धागा अडकू लागतो. ही सूचना समजून अंगठी त्याच दिवशी काढून ठेवावी. कानातल्याची फिरकी सहज फिरू लागली, आकडा बसताना ‘टक्’ आवाज येईनासा झाला, तर कारागिराकडे जावे. नखीवर धातू चढवणे, झिजलेली कडी बदलणे, अंगठीचा तळव्याकडचा अर्धा भाग नवा घालणे ही कामे वेळीच केली तर लहान असतात.

यंत्रावरचे पॉलिश मात्र मागून घेऊ नये. त्यात धातूचा वरचा थर जातो. पॉलिशला देण्याआधी आणि नंतर ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करून लिहून ठेवावे, म्हणजे गेले किती ते कळते. वजनाची नोंद नसली तरी आतला ठसा साक्ष देतो. ९१६ मधला ९ पुसट होऊ लागला असेल, तर त्या जागचा धातू तेवढा उतरला आहे, आणि त्या दागिन्याला यापुढे साबणाचे पाणी पुरे.