बोर्थचे बुंधे बुडालेल्या राज्याचे नव्हेत

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बोर्थ गावी ओहोटीला वाळूतून काळेभोर बुंधे डोकावतात. समुद्राने गिळलेल्या ‘कान्त्रेर ग्वैलोद’ राज्याची ही खूण, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. तसं नाही. हे ओक, पाइन, बर्चचं जंगल. सुमारे ४५०० वर्षांपूर्वी समुद्र वर चढला, जमिनीची दलदल झाली, झाडं जागेवरच मेली. दलदलीच्या थरात हवा शिरत नाही, म्हणून लाकूड टिकलं. मुळंसुद्धा जशीच्या तशी पसरलेली दिसतात! दारूच्या नशेत समुद्र अडवणाऱ्या बांधाची दारं उघडी ठेवून राज्य बुडवणारा रखवालदार तर कथेत मागाहून आला. १२५० च्या सुमाराच्या हस्तलिखितातली कविता या बुडण्याबद्दल शाप देते एका तरुणीला. २०१४ च्या वादळांनी बरेच बुंधे उघडे पडले. जाल तर ओहोटीची वेळ पाहूनच जा, आणि लाकूड मुळीच उपटू नका.